आर्मीत पायलट असतात का हो?

विमानतळ सुरू झाल्यापासून वाशीत कुणाकडेही गेलं तरी विषय एकच. कुठली फ्लाइट कितीला, उलव्याला पोचायला किती वेळ लागतो, फ्लॅटचे भाव कुठे गेले. मागच्या रविवारी आमच्याच मजल्यावर चहाला गेलो होतो. त्यांची मुलगी अकरावीला आहे. म्हणाली, "काका, मला पायलट व्हायचंय. एअरलाइनमध्ये नाही, आर्मीत."

वडील हसले. "अगं, आर्मीत कुठे पायलट असतात? ते एअर फोर्समध्ये!"

चांगल्या शिकलेल्या घरांतही हा गैरसमज आहे, म्हणून हे लिहितोय.

लष्कराचं स्वतःचं हवाई दल आहे. त्याचं नाव आर्मी एव्हिएशन कोअर, स्थापना १ नोव्हेंबर १९८६. त्याआधी हे वैमानिक तोफखान्याचा भाग होते. छोट्या विमानातून वर जायचं, तोफेचा गोळा कुठे पडला ते बघायचं आणि खाली कळवायचं, हे त्यांचं मूळ काम. आज हेच लोक हेलिकॉप्टरने सियाचिनच्या चौक्यांवर सामान पोचवतात, जखमी जवानांना खाली आणतात, आणि लढाऊ हेलिकॉप्टरही चालवतात. मार्च २०२५ मध्ये १५६ 'प्रचंड' हेलिकॉप्टरांचा करार झाला, त्यातली ९० लष्कराला मिळणार आहेत. जुलै २०२५ मध्ये लष्कराची पहिली तीन अपाचे आली.

आणि हे वैमानिक तयार कुठे होतात? आपल्या नाशिकला! गांधीनगरच्या कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूलमध्ये. वाशीहून निघालं, कसारा घाट चढला की आलंच. द्राक्षं आणि त्र्यंबकेश्वर सगळ्यांना माहीत, हे मात्र कुणाला माहीत नाही.

मुलीचा पुढचा प्रश्न जास्त चांगला होता. "पण पायलट राहून जनरल होता येतं का?"

येतं. या कोअरचा प्रमुख लेफ्टनंट जनरल हुद्द्याचा असतो. अजय कुमार सुरी आणि त्यांच्यानंतर आलेले विनोद नंबियार, दोघेही मुळात वैमानिक. २५ मे २०२२ ला नाशिकच्या समारंभात जनरल सुरींनी कॅप्टन अभिलाषा बराक यांना विंग्ज दिले. लष्करातल्या त्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक. त्याआधी या कोअरमध्ये महिला अधिकारी होत्या, पण जमिनीवरच्या कामात. महिलांना वैमानिक म्हणून घेणार हे जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केलं तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांनी, म्हणजे पुण्याच्याच माणसाने. आता तर खडकवासल्याच्या एनडीएतूनही मुली बाहेर पडल्यात, पहिली तुकडी मे २०२५ मध्ये. रस्ता मोकळा आहे.

मुलगी खूश झाली. निघताना वडील लिफ्टपाशी आले आणि हळूच म्हणाले, "काय हो, हेलिकॉप्टरं कुठली असतात त्यांची?"

आता खरा मुद्दा. त्यांना जे सांगितलं तेच इथे सांगतो.

अपाचे आणि प्रचंड टीव्हीवर दिसतात. पण रोजचं कष्टाचं काम वर्षानुवर्षं केलंय चीता आणि चेतकने. चेतकचं मूळ फ्रेंच मॉडेल पहिल्यांदा उडालं १९५९ मध्ये, चीताचं १९६९ मध्ये. म्हणजे चीताची रचना माझ्या पिढीच्या वयाची. यंत्र वाईट नाही. याच मॉडेलने १९७२ मध्ये बारा हजार मीटरच्या वर जाऊन उंचीचा विक्रम केला होता. सियाचिन चीतामुळेच टिकलं असं म्हटलं तर फार चूक नाही. पण त्याला इंजिन एकच, आणि त्या काळच्या रचनेत आजच्यासारखी ऑटोपायलटची सोय नाही. डोंगरात ढग उतरले की सगळा भार वैमानिकाच्या डोळ्यांवर.

११ मार्च २०२२, गुरेझ. ५ ऑक्टोबर २०२२, तवांग. १६ मार्च २०२३, अरुणाचलमधलं मंडाला. वर्षभरात लष्कराची तीन चीता पडली, चार वैमानिक गेले. प्रत्येक अपघाताचं कारण जुनं यंत्रच, असं मी म्हणत नाही. पहाडातलं हवामान कुणाचंच नसतं. पण अशा हवामानात पोरांना कशात बसवून पाठवायचं, हे तर आपल्या हातात आहे ना?

२०१५ मध्ये लष्करी वैमानिकांच्या पत्नींनी हाच प्रश्न विचारला होता. अ‍ॅड. मीनल वाघ-भोसले यांच्या पुढाकाराने त्या संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांना भेटल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रशियाशी २०० कामोव्ह हेलिकॉप्टरांसाठी करार झाला. ती आली नाहीत. एचएएलचं स्वदेशी हलकं हेलिकॉप्टर २०१६ मध्ये उडालं, लष्करी आवृत्तीला २०२१ मध्ये प्राथमिक मंजुरी मिळाली. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने चीता-चेतकच्या जागी २०० हेलिकॉप्टरं घेण्यासाठी कंपन्यांकडून माहिती मागवली. माहिती! २०१५ ला २००, दहा वर्षांनी पुन्हा २००.

म्हणून मला वाटतं, वैमानिकातून जनरल झालेल्या माणसाची कारकीर्द त्याच्या उड्डाणाच्या तासांवर मोजू नये. हुद्दा वाढतो तसं कॉकपिट सुटतं आणि फाइली येतात. तिथे त्याचं सगळ्यात मोठं काम म्हणजे खालच्या कॅप्टनला धड यंत्र मिळवून देणं. पण सही त्याच्या एकट्याची नसते. मंत्रालय, खरेदी समित्या, चाचण्या, कारखाना, सगळ्यांच्या टेबलावरून फाइल जाते. तो आतून भांडू शकतो, चौकात येऊन बोलू शकत नाही. बोलायचं काम आपलं आहे.

काही जण म्हणतील, सैन्यावर प्रश्न विचारू नका. अहो, सैन्यावर कोण विचारतंय? सैन्यासाठी विचारतोय.

आपण ठाणे लोकसभा मतदारसंघात येतो. गटाराचं झाकण आणि लोकलच्या फेऱ्या यांसाठी आपण खासदारांना गाठतोच. या वेळी आणखी एक मागणी करू. संसदेत एवढंच विचारा, आज किती चीता-चेतक उडतायत आणि शेवटचं कुठल्या वर्षी उतरवणार? उत्तरात तारीख हवी, 'प्रक्रिया सुरू आहे' नको.

आमच्या मजल्यावरची मुलगी नाशिकला पोचेपर्यंत सहा-सात वर्षं जातील. नवीन हेलिकॉप्टर यायला तेवढा वेळ पुरे आहे. फाइल आज हलली तर.