पंचांच्या हाताला वाचा हवी

पंचामुखी परमेश्वर, असे आपण म्हणतो. ज्यूदोच्या आखाड्यात मात्र हा परमेश्वर मुखाइतकाच हातानेही बोलतो. पंचाने हात डोक्यावर सरळ उभा केला की ‘इप्पोन’. लढत तेथेच संपली. हात बाजूस खांद्याच्या उंचीवर आडवा धरला की ‘वाझा-आरी’, आणि अशा दोन झाल्या की तोही विजयच. हात बाजूस तिरपा, खाली झुकविला की ‘युको’. जपानी भाषेचा गंध नसलेल्या प्रेक्षकासही उमगावी अशी ही लिपी आहे. तिचे महत्त्व विशेष यासाठी, की या खेळात गुण नुसते मोजावयाचे नसून तोलावयाचे असतात. प्रतिस्पर्धी पाठीवर पडला काय, किती वेगाने, किती जोराने व फेकणाऱ्याचा ताबा कितपत होता, हे निमिषार्धात ठरवावे लागते.

इतके नाजूक काम कधी वादग्रस्त होणार, हे उघडच आहे. सिडनी येथे २००० साली सर्वांत वजनदार गटाच्या अंतिम लढतीत फ्रान्सच्या दुईयेचा डाव जपानच्या शिनोहाराने त्याच्यावरच उलटविला. तिघा पंचांपैकी एकाने शिनोहारास इप्पोन दिला. इतर दोघांनी युको दुईयेच्या पदरात टाकला, आणि सुवर्णपदकही त्यालाच मिळाले. जपानमध्ये त्यावरून मोठा क्षोभ उसळला.

पुढे चित्रफितीचे साहाय्य आले. तथापि लंडनमध्ये २०१२ साली तिन्ही पंचांनी आधी निळी निशाणे उचलून कोरियाच्या चो जुन-होस विजयी ठरविले. वरिष्ठांनी हस्तक्षेप करताच त्याच तिघांनी पांढरी निशाणे उचलून जपानच्या एबिनुमास जय दिला. दुसरा निर्णय योग्य असेलही. पण पहिला का फिरला, हे त्या निशाणांवरून कळण्यास मार्ग नव्हता. पॅरिसमध्ये २०२४ साली पंचाने ‘माते’, म्हणजे ‘थांबा’, असे पुकारल्यावरही स्पेनच्या गारिगोसची गळ्यावरील पकड काही क्षण सुटली नाही. जपानचा नागायामा बेशुद्ध झाला, आणि इप्पोन गारिगोसला मिळाला! ती हाक आपणांस ऐकूच आली नाही, असे गारिगोसचे म्हणणे होते.

आज गादीवर एकच पंच उभा असतो. त्याचे सहकारी मेजापाशी चित्रफीत पाहून त्याच्या कानातील यंत्राशी बोलतात. हात एकाचा आणि मत दुसऱ्याचे, असा प्रसंग यातून येतो. त्यात नियमही स्थिर नाहीत. ‘कोका’ हा गुण २००९ साली गेला; युको २०१७ साली गेला आणि २०२५ साली परत आला.

चित्रफीत नको, असे आम्ही म्हणत नाही. चूक सुधारणे हे न्यायाचे लक्षणच आहे. परंतु उत्तरपत्रिकेवरील गुण खोडणाऱ्या परीक्षकास जसे कारण नोंदवावे लागते, तसेच दिलेला निर्णय फिरविणाऱ्या पंचानेही ते एका वाक्यात, तेथल्या तेथे, सर्वांस ऐकू जाईल असे सांगितले पाहिजे. याने पंचांचा अधिकार कमी होईल, खेळाडू हुज्जत घालू लागतील, अशी भीती काहींस वाटेल. आम्हांस ती निराधार वाटते. हुज्जत मौनातून वाढते, खुलाशातून नव्हे.

१८८२ साली ज्यूदोची स्थापना करणारे कानो जिगोरो स्वतः शिक्षक होते, आणि त्यांच्या या विद्येत लढतीचा आरंभ व शेवट नमस्काराने होतो. हरलेला खेळाडू मान लववितो, तेव्हा आपण का हरलो हे जाणण्याचा हक्क त्यास असलाच पाहिजे.