भविष्याला पत्र लिहा, पण सातबाऱ्याचे काय?

आइसलँड देशात तापमानवाढीमुळे ओक नावाची हिमनदी संपली. तिच्या जागी ऑगस्ट २०१९ मध्ये एक फलक बसविण्यात आला. शीर्षक होते 'भविष्यास पत्र'. आम्हाला संकट कळले होते, आम्ही काही केले का याचा निवाडा तुम्ही करा, असा त्याचा आशय. आता आपल्या मुलांनाही अशी पत्रे लिहायला लावतात. मुले बिचारी हिरवी झाडे आणि निळे आकाश लिहितात!

बांधवांनो, असे पत्र कसे लिहावे हे सावित्रीमाईंनी दाखवून ठेवले आहे. २० एप्रिल १८७७ रोजी ओतूरहून त्यांनी जोतीरावांना दुष्काळाची हकीकत कळविली. माणसे उपाशी, जनावरांना चारा नाही, त्यात सावकारांची लूट. कोण मरतो आणि कोण लुटतो, दोन्ही त्यात आहे. म्हणून दीडशे वर्षांनीही ते पत्र आपल्यासाठी पुरावा आहे.

आमच्या पोखर्णीहून (ता. परभणी) रेल्वे परळीला जाते. तिथले कोळशावरचे वीज केंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद पडले. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये याच मराठवाड्यात पिके पुरात गेली. पंचनामे झाले. पण पिकाची मदत सातबारा पाहून मिळते. पिढ्यान्‌पिढ्या गायरान कसणाऱ्या आपल्या माणसाने काय दाखवायचे? १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासींची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला, तरी कित्येकांच्या नावावर आजही जमीन नाही. शेतमजुराची बुडालेली मजुरी तर कुठल्याच रकान्यात बसत नाही.

मार्च २०२४ मध्ये माळढोक पक्ष्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा कलम १४ व २१ खालील हक्क मानला. पक्ष्याच्या निमित्ताने का होईना, हक्क मिळाला. वेठबिगारांचा १९८४ चा गाजलेला खटलाही एका पत्रातूनच उभा राहिला होता, हे माझ्या वकील मित्रांनीही आठवावे.

तेव्हा वस्तीतल्या शिकलेल्या पोरांनी पत्र जरूर लिहावे. नळाला किती दिवसांनी पाणी येते, उन्हामुळे मजुरीचे किती दिवस बुडाले, पुरात किती गुंठे गेले आणि मदत कोणाला नाकारली, हे तारखेसह लिहावे. एक प्रत बुद्धविहारात ठेवावी, दुसरी तहसील कार्यालयात द्यावी आणि तिची पोच घ्यावी.