घरप्रपंच : दागिना मोडण्यापूर्वी



पेरणी तोंडावर येते, बियाणे-खताला पैसा कमी पडतो आणि मग पेटीतली पाटली बाहेर निघते. सोने अडीअडचणीसाठीच असते, त्यात कमीपणा नाही. पण गरजेच्या घाईत सराफ म्हणेल तो कस आणि देईल तो भाव घेऊन आपण घरी येतो. तसे करू नका.

आधी दागिन्याची आतली बाजू, फासा नीट पाहा. २०२१ च्या जुलैपासूनच्या नव्या पद्धतीने हॉलमार्क केलेल्या दागिन्यावर तीन खुणा असतात : भारतीय मानक ब्युरोचे त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा क्रमांक. आकडा ९१६ असेल तर हजार भागांत ९१६ भाग शुद्ध सोने, म्हणजे २२ कॅरेट. ७५० म्हणजे १८ कॅरेट, ५८५ म्हणजे १४. तो क्रमांक मोबाइलवरच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये घालून मुलाकडून पडताळून घ्या.

सासूबाईंच्या काळच्या दागिन्यावर छाप नसतो. म्हणून तो खोटा ठरत नाही आणि विकायलाही बंदी नाही. हॉलमार्कची सक्ती दागिने विकणाऱ्या सराफावर आहे, तुमच्यावर नाही. मात्र असा दागिना शहरातल्या ब्युरोमान्य हॉलमार्किंग केंद्रात फी भरून तपासून घ्या. केंद्र लेखी अहवाल देते.

हा खटाटोप कशासाठी? हिशेब पाहा. २० ग्रॅमची पाटली ९१६ ची असेल, तर तिच्यात १८.३२ ग्रॅम शुद्ध सोने आहे. कोणी अंदाजाने ती ७५० ची धरली, तर पदरात १५ ग्रॅमचेच पैसे पडतात. तीन ग्रॅमहून जास्त सोने नुसत्या अंदाजात गेले!

सराफाकडचे यंत्र दागिना न मोडता कस दाखवते. पण ते वरचा थर वाचते. आतल्या डाकाचा, लाखेचा पत्ता त्याला लागत नाही. बोरमाळेच्या मण्यांत लाख असते, तिचे वजन सोन्यात धरले जात नाही. म्हणून आटवल्यावर वजन घटले तर लगेच संशय घेऊ नका. मात्र आटवणी आपल्या डोळ्यांसमोर व्हावी, आधीचे आणि नंतरचे वजन लिहून घ्यावे. भाव आणि घट आधीच ठरवा, कारण एकदा आटवलेली पाटली परत मिळत नाही.

वजन ग्रॅममध्येच विचारा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, आता बाजारात १० ग्रॅमला तोळा म्हणतात. घडणावळीचे पैसे मात्र परत येत नाहीत, ते हिशेबात धरू नका.

घरातले एखादे जाणते माणूस बरोबर न्या, दोन दुकानांत विचारा आणि पावती घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका.