चोरपावलांचे प्रेम

'ट्वायलाइट' मी अर्ध्यावर मिटली, ती कायमची. स्टेफनी मायरबाईंची ही अमेरिकन कादंबरी २००५ साली निघाली आणि जगभर तिचा डांगोरा पिटला गेला. नायक एडवर्ड रक्तपिपासू पिशाच्च. जन्म १९०१ चा, वय मात्र अजून सतरा! उन्हात त्याचे अंग हिऱ्यांसारखे चमकते. चमको बापडे, वेताळाच्या गोष्टींवर वाढलेल्या मला अद्भुताचे वावडे नाही. पण हा गृहस्थ रात्री बेलाच्या घरात शिरून तिला झोपेत न्याहाळत बसतो, आणि हे कळल्यावर ती पोरगी सुखावते! आपल्या आळीत असा कोणी सापडला तर त्याला प्रियकर म्हणाल, की पोलिसचौकी दाखवाल? पुढे २००८ च्या चौथ्या भागात बेला त्याच्याशीच लग्न करते. नाही बुवा! ते लग्न माझ्या अक्षतांविना लागो.