कॅलरी मोजायला सांगू नका, आधी मैदानावरचा मांडव काढा

(पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. जमलं तर बिनसाखरेचा.)

मागे एका सरकारी हॉलमध्ये लठ्ठपणावरचा जनजागृती कार्यक्रम कव्हर करायला गेलो होतो. पडद्यावर कॅलरीचा तक्ता. बटाटेवडा इतक्या, लाडू इतक्या, जिलेबी इतक्या. वक्ते बाहेरून आलेले. म्हणाले, "मोबाईलवर ॲप घ्या, प्रत्येक घास नोंदवा. वजन म्हणजे साधं गणित आहे." टाळ्या झाल्या. मग सूत्रसंचालक माईकवर आले : "अल्पोपाहार घेतल्याशिवाय कुणीही जाऊ नये." अल्पोपाहारात काय, तर दोन बटाटेवडे, एक बुंदीचा लाडू आणि गोड्ड चहा. पडद्यावर जे होतं तेच द्रोणात. फक्त जिलेबी तेवढी राहिली होती.

कुणी हसलं नाही. मीही हसलो नाही, कारण माझ्या हातात दुसरा वडा होता.

बातमी नेहमीसारखीच दिली : "आरोग्याविषयी जागरूक राहा, मान्यवरांचे आवाहन." पण त्या दिवशी जे लिहायला हवं होतं ते आज इथे लिहितोय.

आमच्या गल्लीत एक ताई आहेत. नाव सांगत नाही, उगाच त्यांना त्रास नको. दोन बाळंतपणांनंतर वजन वाढलं, गुडघे दुखायला लागले. कुणीतरी त्यांना सकाळच्या एका 'क्लब'मध्ये नेलं. तिथे जेवणाऐवजी पावडरचं शेक आणि रोज व्हॉट्सॲप ग्रुपवर कॅलरीचा हिशेब टाकायचा. चार-सहा आठवड्यांत वजन उतरलं. फोटो निघाले, 'आधी' आणि 'नंतर'. मग त्यांनाच 'कोच' केलं. कोच व्हायचं तर माल घ्यावा लागतो. बचतगटातून कर्ज काढून डबे घेतले. पुढे वजन परत आलं, गिऱ्हाईक काही आलं नाही. डबे अजून पलंगाखाली आहेत, तारीख उलटून गेलेले. हप्ते मात्र चालू.

त्या डब्यांपेक्षा मला त्यांचं एक वाक्य जास्त लागलं. म्हणाल्या, "दादा, माझ्यातच कमी आहे. मला कंट्रोलच नाही."

माझं भांडण या वाक्याशी आहे. कॅलरी मोजायला लावणाऱ्या सगळ्या धंद्याचं हेच खरं उत्पादन आहे. वजन उतरलं तर श्रेय डब्याचं, ॲपचं, कोचचं. नाही उतरलं तर दोष तुमचा. असा धंदा बुडेल कसा?

आता कुणी डॉक्टर मित्र खाली कॉमेंट करतील, त्याआधीच कबूल करतो. कॅलरी खोटी नाही. जास्त ऊर्जा आत गेली आणि कमी खर्च झाली तर ती चरबी होऊन साठते, हा निसर्गाचा नियम आहे. तो नगर जिल्ह्यालाही लागू आहे. पण विजेचं युनिटही खरंच असतं ना? म्हणून मीटरसमोर खुर्ची टाकून बसल्यानं बिल कमी येतं का? बिल कमी करायचं तर गिझर बंद करावा लागतो. वजनातला गिझर कुठला, ते सोडून सगळे आपल्याला मीटर वाचायला शिकवताहेत.

आणि मीटर तरी नीट वाचता येतं का? मी दोन महिने प्रयत्न केला. ॲप विचारतं : पोळी लहान, मध्यम की मोठी? आमच्या घरी भाकरी होते, आणि आईच्या हातची एक भाकरी बायकोच्या हातच्या दीड भाकरीएवढी असते. आमटीत तेल किती पडलं ते करणारीलाच माहीत नसतं. हुलग्याचं शेंगोळं त्या यादीत मला सापडलंच नाही. शेवटी मी अंदाज टाकायला लागलो, मग सोयीचे अंदाज टाकायला लागलो, मग खोटं टाकायला लागलो. पत्रकार माणूस, आकडे बसवायची सवय असतेच. ॲप खूश, काटा आहे तिथेच.

हे खूळ आपल्याकडचं नाही. १९१८ साली अमेरिकेत लुलू हंट पीटर्स नावाच्या डॉक्टरीण बाईंनी पुस्तक लिहून कॅलरी मोजून खायची पद्धत घराघरात नेली. त्याला शंभर वर्षं उलटून गेली. तेव्हापासून तिथे मोजणारे वाढले आणि लठ्ठपणाही वाढला. मोजल्यामुळे वाढला असं मी म्हणत नाही. पण मोजल्यानं थांबला नाही, एवढं तर दिसतंय.

उलट न मोजता काय होतं, तेही तपासून झालंय. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात ६०९ लोक होते. निम्म्यांना कमी चरबीचा आहार, निम्म्यांना कमी पिष्टाचा. कॅलरी मोजा असं कुणालाच सांगितलं नाही. भाज्या भरपूर खा, साखर आणि मैदा कमी करा, घरी रांधलेलं खा, एवढंच. वर्षभरात दोन्ही गटांत सरासरी पाच-सहा किलो वजन उतरलं. २०२३ मध्ये शिकागोत ९० लोकांवर अभ्यास झाला. एका गटाने दुपारी १२ ते रात्री ८ एवढ्याच वेळात खाल्लं, मोजलं काही नाही. दुसऱ्या गटाने वर्षभर कॅलरी मोजल्या. दोन्ही गटांच्या वजनातल्या घटीत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. म्हणजे वर्षभर डोकं शिणवून जे मिळालं, ते घड्याळाकडे बघूनही मिळालं.

आणि एवढं लांब तरी कशाला जायचं? महाराष्ट्रात हा वाद गावागावात झालाय. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेला विचार लातूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजातले प्राध्यापक डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी पुढे नेला. दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. पुस्तकाच्या नावातच 'विनासायास वेटलॉस'. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर : दर दोन तासांनी थोडं थोडं खा, आजीच्या हातचं खा, तूप-भाताला घाबरू नका. २०१८-१९ मध्ये या दोन पंथांवरून घराघरात भांडणं झाली. लग्नाच्या पंगतीत लोक घड्याळ लावून बसलेले मी स्वतः पाहिलेत.

त्या भांडणात एक गोष्ट सुटली. दोन टोकांची ही दोन माणसं एका बाबतीत एकच सांगत होती : कॅलरी मोजू नका. आणि दोघांचंही बोलणं लोकांना कळलं, कारण ते ताट, वेळ आणि भूक यांच्या भाषेत होतं. दोघांवरही आक्षेप घेता येतात, डॉक्टरांनी ते घेतलेही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलूच नयेत, साखर एकदम खाली जाते. पण लोकांशी बोलायचं कसं, हे त्या दोघांना कळलं होतं.

सरकारला यातून काय कळलं? त्याच सुमारास राज्य सरकारने डॉ. दीक्षितांना लठ्ठपणाविरोधी मोहिमेचे ब्रँड ॲम्बेसेडर केलं. फोटो आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये सांगितलं, तेल दहा टक्के कमी करा. मे २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले. वाईट काहीच नाही यात. पण चेहरा, आवाहन आणि फलक, याच्यापुढे गाडी सरकत नाही. सगळं ओझं परत त्या ताईंच्याच डोक्यावर. फलक वाचा, मोजा, कंट्रोल करा.

हा काही खात्यापित्या घरांचा चोचला नाही. आयसीएमआरच्या २०२३ च्या अभ्यासानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. पोट सुटणं हा आता गावातलाही आजार आहे.

म्हणून आपल्या जिल्ह्याकडे बघू. कागदावर अहिल्यानगर, तोंडात अजून नगर. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना आपल्या प्रवरानगरचा. १९५०-५१ चा हंगाम. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्याला ताठ मानेनं उभं केलं, त्याबद्दल एक शब्द वावगा बोलणार नाही. माझं शिक्षणही उसाच्या पैशावर झालंय. पण भंडारदऱ्याच्या पाण्यावर उत्तरेत ऊस आला आणि त्याबरोबर एक रीतही आली : साखर कमी घालणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. कमी गोड चहा दिला तर कंजूष. मी कॅलरी कधी नीट मोजल्या नाहीत, पण एका दिवसाचे चहा मोजले. पोलीस स्टेशन, तहसील, दोन पत्रकार परिषदा, एक दशक्रिया विधी, एक पुढारी. सात कप. कपाला दोन चमचे धरले तर साधारण ७० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते २५ ग्रॅमच्या आत राहिलात तर उत्तम. माझा गिझर मला सापडला. त्यासाठी ॲप लागलं नाही.

दक्षिणेत, पारनेर-जामखेड-कर्जतला, रब्बी ज्वारीचा मुलूख. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने फुले वसुधा, फुले रेवती असे ज्वारीचे वाण काढले. पण रेशनवर वर्षानुवर्षं आला गहू आणि तांदूळ, आणि शाळेच्या पोषण आहारात खिचडी. ज्वारी काही जादू नाही. भाकरीनेही वजन वाढतं, पाच खाल्ल्या तर. पण भाकरी, पिठलं, कांदा असं चावून खाल्लं की तिसरीला पोट नको म्हणतं. बिस्किटाचा पुडा कधीच नको म्हणत नाही. मोजणी पोटाला करू द्या, त्याला त्याची सवय आहे.

आणि चालायचं कुठे? हा प्रश्न मी प्रत्येक वक्त्याला विचारतो, उत्तर कुणी देत नाही. आमच्या गावातलं मैदान वर्षातले निम्मे दिवस भाड्याने असतं. लग्न, सेल, फटाक्यांचे स्टॉल, सभा. मांडव निघाला की खड्डे आणि खिळे राहतात. हायवेच्या कडेने चालावं तर हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. पहाटे वस्तीच्या रस्त्याने जावं तर उसात बिबट्या. हसू नका, उत्तर नगरमध्ये संध्याकाळनंतर पोरांना अंगणात सोडायला लोक घाबरतात. बायकांनी कुठे चालावं? दिवे नाहीत, बसायला बाक नाही, आणि टपरीवर बसलेल्यांच्या नजरा आहेत त्या वेगळ्याच. साडेचार किलोमीटर चाला म्हणणं सोपं आहे. ते साडेचार किलोमीटर आहेत कुठे, ते दाखवा.

माझं काय झालं, तेही सांगतो, नाहीतर म्हणाल नुसता शिव्या देतो. वजन ९१, कंबर १०४ सेंटीमीटर. भारतीय पुरुषासाठी ९०च्या पुढे धोका, बाईसाठी ८०च्या पुढे. तीन महिन्यांची सरासरी साखर ६.२, म्हणजे उंबरठ्यावर. डॉक्टरांना विचारून तीनच गोष्टी केल्या : चहा बिनसाखरेचा, दोन वेळा घरचं पोटभर जेवण आणि मधे काही नाही, आणि रोज चालणं, बहुतेक वेळा एसटी स्टँडच्या आवारात गोल गोल. नऊ महिन्यांत वजन ८३, कंबर ९६, साखर ५.८. चमत्कार नाही. पण एकही घास कुठे नोंदवला नाही आणि एकदाही स्वतःची लाज वाटली नाही. बिनसाखरेचा चहा मागितल्यावर "शुगर निघाली का?" हे मात्र शंभर वेळा ऐकलं. आपल्याकडे साखर सोडायला आधी आजारी पडावं लागतं.

म्हणून मागण्या साध्या आहेत. सरकारी कार्यक्रमात चहा बिनसाखरेचा, साखर बाजूला ठेवा, ज्याला हवी तो घेईल. मैदान पहाटे आणि संध्याकाळी चालणाऱ्यांचं, भाडं गेलं तरी चालेल. एक दिवे असलेला रस्ता, जिथे बाई एकटी चालू शकेल. रेशनवर आपल्याच जिल्ह्यातली ज्वारी, कायमची. आरोग्य उपकेंद्रात आलेल्या प्रत्येकाची कंबर मोजा, टेप दहा-वीस रुपयांना मिळतो. आणि पावडरचे डबे विकणाऱ्या क्लबांकडे अन्न व औषध प्रशासनाने एकदा तरी डोकवावं.

आम्हा पत्रकारांनाही सोडत नाही. वजन उतरवण्याच्या जाहिराती आम्हीच छापतो, आणि पत्रकार परिषदेला नाश्ता काय आहे ते आम्हीच आधी विचारतो.

पुढच्या वेळी मत मागायला कुणी आलं तर रस्ता, पाणी विचाराच. पण हेही विचारा : आम्ही चालायचं कुठे?

आणि त्या ताई ही पोस्ट वाचत असतील तर, ताई, तुमच्यात काहीही कमी नाही. उद्यापासून संध्याकाळी माझी बायको चालायला निघणार आहे. दोघी जा. डबे भंगारात द्या.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कॉमेंटमध्ये या, भांडू. चहा माझ्याकडून. साखर तुमची तुम्ही आणा.