नदीच्या सातबाऱ्यावर पहिला बोजा कुणाचा?

ऑगस्ट २०२३ मध्ये लेकीकडे कॅनडात गेलो होतो. जावयाने हट्टच धरला, "बाबा, इथवर आलात तर सॅमन धरायला चला." मी मासे खाणारा, पण गळ कधी हातात धरलेला नव्हता. तरी गेलो. व्हँकूव्हर बेटावर कॅम्पबेल रिव्हर नावाचे गाव आहे. तिथे पैसे घेऊन गिऱ्हाइकाला मासा 'भेटवून' देणारे गाइड आहेत, आपल्याकडे ताडोबात वाघ दाखवणारे असतात तसे. इथल्या 'टायी क्लब'ची परंपरा १९२४ पासूनची. तीस पौंड किंवा त्याहून वजनदार चिनूक सॅमन म्हणजे 'टायी', म्हणजे सरदार. तो धरायचा तर इंजिन चालत नाही. गाइडने वल्ही मारायची आणि गळ बिनकाट्याचा हवा.

आम्ही काही सरदाराच्या वाटेला गेलो नाही. साध्या मोटरबोटीतून तासाभराने एक कोहो लागला. गाइडने पहिल्यांदा त्याच्या पाठीवरचा, शेपटीकडचा छोटा पर पाहिला. उबवणी केंद्रात वाढवलेल्या माशांचा तो पर कापलेला असतो. हा शाबूत होता, म्हणजे मासा रानचा. गाइडने तो पाण्यातच सोडवला, प्रवाहाकडे तोंड करून क्षणभर धरला, शेपटी हलली आणि मासा गेला. आम्ही हात हलवीत परतलो. (आपण रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतो खरे, पण दोघांचे काही नाते नाही.)

पॅसिफिक सॅमन गोड्या पाण्यात, नदीच्या खडीत जन्मतो, समुद्रात वाढतो, त्याच नदीला परत येतो, अंडी घालतो आणि मरतो. बँकेच्या भाषेत, दरवर्षी परत येते ते व्याज नव्हे, सगळे मुद्दलच असते. त्यातले किती उचलायचे, हाच प्रश्न आहे.

अंदाज किती फसतात पाहा. २००९ मध्ये फ्रेझर नदीत एक कोटीहून अधिक सॉकाय येतील असा सरकारी हिशेब होता. आले चौदा लाखांच्या आसपास. न्यायमूर्ती ब्रूस कोहेन यांचा चौकशी आयोग नेमला गेला. आयोग बसतो न बसतो तोच २०१० मध्ये पावणेतीन-तीन कोटींच्या घरात मासे आले! आयोगाने २०१२ मध्ये अहवाल दिला, त्यात कुणा एका कारणावर बोट ठेवले नाही.

वाईट वर्षी मासे कुणी धरायचे? सॅपरो नव्हे, स्पॅरो खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये उतरंड सांगितली. आधी माशांचा वंश टिकवणे, मग तिथल्या मूळ रहिवाशांचा खाण्यासाठीचा आणि विधींसाठीचा हक्क, उरेल ते इतरांना. सातबाऱ्यावर पहिला बोजा, दुसरा बोजा असतो ना, तसेच. गाइड आणि त्याचे गिऱ्हाईक शेवटच्या रांगेत. २०१९ च्या एप्रिलमध्ये सरकारने दक्षिण किनाऱ्याच्या बऱ्याच भागात काही महिने चिनूक घरी न्यायला बंदी केली, तेव्हा हे गाइड चिडले. त्यांचा युक्तिवाद हिशेबाने चूक नाही. जाळ्यातला मासा वजनावर विकला जातो. गळाला लागलेल्या माशामागे हॉटेल, पेट्रोल, बोट, नोकर असे गावभर पैसे फिरतात.

पण मासाच नसला तर? अलास्कातल्या केनाई नदीत १९८५ मध्ये ४४ किलोंचा चिनूक गळाला लागला होता. तो विक्रम अजून मोडलेला नाही. त्याच नदीत २०२३ आणि २०२४ मध्ये चिनूकची हौशी मासेमारी बंद ठेवावी लागली. कॅलिफोर्नियाच्या समुद्रातही या दोन वर्षी सॅमन धरायला बंदी होती. युकॉन नदीसाठी २०२४ मध्ये अलास्का आणि कॅनडा यांनी चिनूकवर सात वर्षांची बंदी मान्य केली. तिथे काठावरची आदिवासी कुटुंबे हिवाळ्याची बेगमी याच माशावर करीत. म्हणजे पहिल्या बोज्याचेही हप्ते थकले.

माझे मत असे, की टंचाईत शेवटच्या रांगेतल्याने थांबायला हवे, त्याला इलाज नाही. पण नद्यांवर धरणे बांधली, जंगले तोडली, समुद्र तापवला, ती काही गाइडने नव्हे. सगळे बिल त्याच्या नावावर फाडणे सोयीचे आहे, न्याय्य नाही. क्लॅमथ नदीवरची चार धरणे २०२४ मध्ये पाडून झाली आणि काही आठवड्यांतच सॅमन वर चढून गेले. बंदी घालणे स्वस्त, धरण पाडणे महाग, म्हणून सरकारे आधी बंदीकडे वळतात.

हे मी कोणत्या तोंडाने बोलतो? नव्वदच्या दशकात रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका किनारी शाखेत मी ट्रॉलरची कर्जे मंजूर केली. अर्जात इंजिनाची अश्वशक्ती होती, जाळ्यांची किंमत होती, अपेक्षित उत्पन्न होते. समुद्रात मासे किती उरले आहेत, याचा रकाना नव्हता. मलाही तो सुचला नाही. हप्ते थकले की मालक आणखी बारीक आसाचे जाळे घेत, आणि त्यालाही मीच जादा कर्ज दिले.

परतताना गाइडने मला विचारले, तुम्ही काय करायचात? बँकेत होतो, म्हणालो. तो मोठ्याने हसला आणि बोटीच्या कडेवर हात थोपटून म्हणाला, "हिची अजून सहा वर्षे राहिलीत."