कलावंतांचे अर्ज कोण लिहिणार?

कलाक्षेत्रातील पाठ्यवृत्त्यांची जाहिरात प्रसिद्ध झाली की महानगरांतील कलाविद्यालयांच्या आवारात काही दिवस लगबग दिसते. तालुक्याच्या गावी ती वार्ता बहुधा मुदत उलटून गेल्यावर पोहोचते. वेळेत पोहोचलीच, तर अर्जातील ‘प्रस्तावित कार्याचे स्वरूप’ या रकान्यापाशी लेखणी अडते, आणि ज्याने तीस-तीस वर्षे रंगमंच गाजविला तो माणूस शाळेतल्या पोरासारखा इकडेतिकडे पाहू लागतो.

या पाठ्यवृत्त्या नगण्य नाहीत. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या योजनेत दरवर्षी ४०० पर्यंत फेलोशिप देण्याची तरतूद आहे. निम्म्या चाळिशीपुढील कलावंतांसाठी व निम्म्या २५ ते ४० या वयोगटासाठी. वरिष्ठांना दरमहा २०,००० व कनिष्ठांना १०,००० रुपये, मुदत दोन वर्षे. याखेरीज १८ ते २५ वयाच्या होतकरूंना दरमहा ५,००० रुपयांची शिष्यवृत्ती निराळी. सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र ही संस्था हे काम पाहते. सरकारबाहेरही दारे आहेत. बंगळूरचे इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स १९९५ पासून अनुदाने देत आहे. दिल्लीच्या ‘खोज’सारख्या संस्था कलावंताला काही आठवडे राहावयास व काम करावयास जागा देतात, यालाच हल्ली रेसिडेन्सी म्हणतात. कल्पना नवी नव्हे. अमेरिकेत मॅकडॉवेल येथे १९०७ पासून हेच चालले आहे आणि आयोवा विद्यापीठाच्या १९६७ साली सुरू झालेल्या लेखक-उपक्रमात आपले दिलीप चित्रेही राहून आले.

मग आपल्या ग्रामीण आणि निमशहरी कलावंताचे घोडे अडते कोठे? इंग्रजीत, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. बंगळूरची उपरोक्त संस्था कोणत्याही भारतीय भाषेतील प्रस्ताव स्वीकारते. तरीही मराठीत लिहिताना आपला कलावंत अडखळतोच. कारण अर्ज म्हणजे विनंतीअर्ज, ही आपल्या कचेऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दिलेली शिकवण. ‘वरील विषयास अनुसरून’ अशी सुरुवात करायची, घरची हलाखी वर्णायची आणि ‘उपकृत व्हावे’ म्हणून हात जोडायचे. महाराष्ट्र शासनाची वृद्ध साहित्यिक व कलावंतांसाठी मानधन योजना कित्येक दशके चालू आहे, आणि तिच्या अर्जात उत्पन्नाचा दाखला व वयाचा पुरावा मागणे योग्यच आहे. ती झाल्या सेवेची कृतज्ञता आहे. पाठ्यवृत्ती मात्र पुढे व्हावयाच्या कामासाठी असते. तेथे आपण किती गरीब आहोत हे कोणी विचारीत नाही. आपण काय करू इच्छिता, हे विचारतात. हा भेद कोणी समजावून सांगितला नाही, म्हणून उत्तम कलावंत दुसऱ्या ठिकाणी पहिल्या ठिकाणचे उत्तर लिहून मोकळे होतात.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका दशावतारी नटाचा अर्ज आम्ही पाहिला आहे. पहिल्या खर्ड्यात ‘लहानपणापासून कलेची सेवा करीत आहे’, मिळालेल्या शालींची व प्रशस्तिपत्रकांची यादी, आणि शेवटी परिस्थितीचे करुण वर्णन. गावातील एका निवृत्त शिक्षकाने तो कागद बाजूला ठेवला आणि नुसते विचारले, ‘दोन वर्षे पोटाची चिंता नसेल, तर काय कराल?’ त्यावर नट जे बोलला ते ऐकण्यासारखे होते. दशावताराला लिखित संहिता नसते. आख्यान ठरते आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात. एकाच आख्यानात एका मंडळीचा राजापार्टी जो युक्तिवाद करतो, तो दुसऱ्या मंडळीत नसतो. जुने नट एकेक करून चालले. त्यांपैकी चौघांचे एकच आख्यान ध्वनिमुद्रित करावे, जत्रांचा हंगाम चालू असता मुद्रण करावे, पावसाळ्यात मंडळ्या घरी बसल्या की त्या नटांसमवेत बसून शब्द उतरवावेत, आणि कोणता संवाद कोणी कोणाकडून उचलला हे त्यांनाच विचारावे, असे त्याच्या मनात वर्षानुवर्षे घोळत होते. ‘मग हे का नाही लिहिलेत?’ ‘गुरुजी, यात लिहायचे काय? हे तर आमच्यात सगळ्यांना ठाऊक आहे!’

नेमके हेच. कलावंताला जे सर्वज्ञात वाटते तेच परीक्षकाला अज्ञात असते. आणि या उत्तरात विषय होता, पद्धत होती, हंगामानुसार वेळापत्रकही होते. शिक्षकाने स्वतःचे एकही वाक्य घातले नाही; त्याने प्रश्न विचारले आणि उत्तरे उतरवून घेतली. साहाय्य याहून अधिक असू नये, असे आमचे मत आहे.

चांगला प्रस्ताव म्हणजे चांगला प्रश्न. विजय तेंडुलकर १९७० च्या दशकात जवाहरलाल नेहरू फेलोशिपचे मानकरी झाले, तेव्हा ‘सखाराम बाइंडर’ व ‘घाशीराम कोतवाल’ रंगभूमीवर आलेले होते. नाव तर सर्वतोमुखी होते. तरीही त्यांचा विषय ‘नाट्यलेखन’ असा मोघम नव्हता. समाजात वाढत चाललेल्या हिंसेचे स्वरूप आणि समकालीन रंगभूमीशी तिचा संबंध, असा तो होता. एवढ्या एका ओळीत माणूस काय शोधू पाहतो ते कळते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. जो शब्दांपलीकडचे रंगांत मांडतो त्याने शब्दांची परीक्षा का द्यावी? वासुदेव गायतोंडे १९६४ साली रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले. मितभाषी म्हणून प्रसिद्ध असलेल्या या चित्रकाराने आजचा ‘आपली कलाविषयक भूमिका पाचशे शब्दांत’ हा रकाना कसा भरला असता, याची कल्पनाच करावी! अशा कलावंतासाठी परीक्षकांनी चित्रेच बोलू दिली पाहिजेत. परंतु ती बोलण्यासाठीही किमान काळजी लागते. छायाचित्र तिरपे, त्यात ट्यूबलाइटचे प्रतिबिंब, खाली ना आकार ना माध्यम ना वर्ष; किंवा कार्यक्रमाच्या चित्रफितीत पहिली सात मिनिटे दीपप्रज्वलन आणि पाहुण्यांचा सत्कार. शेकडो अर्ज चाळणारा परीक्षक आठव्या मिनिटापर्यंत थांबत नाही.

खर्चाच्या अंदाजपत्रकाविषयी तर विशेष सांगावयास हवे. आपला कलावंत एस. टी.चे भाडे पै-पैशाने मांडतो, पेटीवाल्याची बिदागी धरतो, आणि स्वतःच्या श्रमांपुढे शून्य लिहितो. त्याला वाटते की याने आपण साधे ठरू. प्रत्यक्षात परीक्षकाला शंका येते की हा गृहस्थ दोन वर्षे खाणार काय? शिफारसपत्रांचीही तीच कथा. आमदारसाहेबांच्या छापील पत्रापेक्षा, ज्याने वीस वर्षे प्रयोग पाहिले त्या मास्तरांच्या दहा ओळी मोलाच्या असतात. पण आमदारसाहेबांच्या पत्रावर शिक्का असतो ना!

अलीकडे संगणकाला सांगून अर्ज लिहून घेण्याची सोय झाली आहे. इंग्रजी भाषांतरासाठी, हिशेब जुळविण्यासाठी तिचा उपयोग खुशाल करावा. परंतु आशय तिच्याकडून घेतला की सगळेच ‘परंपरा आणि आधुनिकतेचा सेतू’ बांधू लागतात. दशावतारी नट आणि मुंबईचा शिल्पकार एकाच गुळगुळीत भाषेत बोलू लागले, तर निवड कशावरून करावयाची?

करता येण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याला फारसा पैसा लागत नाही. राज्याचे सांस्कृतिक कार्य संचालनालय लोककलांची प्रशिक्षण शिबिरे भरविते; त्यांतील एक दिवस प्रस्तावलेखनाला द्यावा, आणि त्या दिवशी व्याख्यान न ठेवता प्रत्येकाचा खर्डा समोर बसून करून घ्यावा. जिल्हा ग्रंथालयाने जाहिराती मुदतीआधी फलकावर लावाव्यात. महाविद्यालयांतील मराठीच्या विद्यार्थ्यांना वर्षातून एका कलावंताची मुलाखत घेऊन प्रस्ताव उतरविण्याचे काम दिले, तर निबंधलेखनापेक्षा त्यांचेही भाषाशिक्षण बरे होईल. कारकुनी पेशातील वाचकांना तर हे सांगायलाच नको. नियमांतील पोटकलमे आणि जोडपत्रे यांचे जे ज्ञान त्यांना आहे, त्याच्या अभावी कितीतरी अर्ज छाननीतच बाद होतात.

पाठ्यवृत्ती देणाऱ्या संस्थांकडेही मागणे आहे. अर्ज मराठीतून, कन्नडमधून, कोकणीतून घ्यावेत. ज्याला लिहिता येत नाही त्याचे दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रित निवेदन ग्राह्य धरावे. आणि नकार कळविताना कारणाची दोन वाक्ये लिहावीत.

त्या दशावतारी नटाला पाठ्यवृत्ती मिळाली नाही. नकाराचे पत्र तीन ओळींचे होते, कारण दिलेले नव्हते. गुरुजींनी प्रस्तावाची प्रत जपून ठेवली आहे. ज्या चौघांचे आख्यान मुद्रित करावयाचे होते, त्यांपैकी एक मध्यंतरी वारले, म्हणून नव्या अर्जात आता तिघांची नावे आहेत.